चार नंबरची गिऱ्हाइकं

आमच्या कारखान्यात बिअर बनते आणि ती किती बनवायची हे मी सांगते. ऐकायला मोठं वाटतं, पण काम म्हणजे तिसऱ्या मजल्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकणं. कुठल्या डेपोतून कुठल्या बिअरच्या किती पेट्या गेल्या, याचे आकडे दर सोमवारी माझ्या कॉम्प्युटरवर येतात. आकडा वर गेला तर का गेला, खाली आला तर का आला, हे मी एका रकान्यात लिहायचं. त्यातही मनाला येईल ते लिहिता येत नाही. सात कारणं आधीच ठरवून दिलेली आहेत: ऊन, सुट्ट्या, लग्नं, सामना, किंमत, शेजारचं दुकान बंद, आणि सातवं, ग्राहकाची आवड. जग या सात कारणांवर चालतं अशी आमच्या कंपनीची श्रद्धा आहे. बारा वर्षं मी हा रकाना भरतेय, आणि सातवं कारण मी आजवर फक्त खाली येणाऱ्या आकड्यासमोर लिहिलं होतं.

खाली येणारा आकडा बहुतेक वेळा चार नंबरचा असायचा.

चार नंबर ही माझ्या बाबांची बिअर. बाबा या कारखान्यात तीस वर्षं ब्रूमास्टर होते, म्हणजे बिअर कशी करायची, किती दिवस मुरवायची आणि कधी बाटलीत भरायची हे ठरवणारा माणूस. टाकी नंबर चारमध्ये त्यांनी ती पहिल्यांदा केली, म्हणून तिचं नाव चार नंबर. गडद, कडू आणि गढूळ. गढूळ मुद्दाम. बाकीच्या बिअर गाळून काचेसारख्या लख्ख करतात, बाबांनी हिच्यातलं यीस्ट तसंच राहू दिलं. त्यामुळे बाटलीच्या तळाशी पांढरट थर बसतो. "गाळ म्हणू नका, तो तिचा जीव आहे," असं बाबा सांगायचे. हल्लीची गिऱ्हाइकं मात्र फोन करून विचारतात, बाटलीत काहीतरी तरंगतंय, खराब झालीय का?

माझ्या टेबलामागच्या भिंतीवर गेल्या पंचवीस वर्षांचा एक लांबलचक तक्ता आहे. त्यात चार नंबरची तपकिरी रेघ डावीकडे छताला टेकलेली आहे आणि उजवीकडे जवळजवळ फरशीवर. बाबांना तो तक्ता तोंडपाठ आहे, आकड्यांनी नाही, माणसांनी. ते सांगतात, आधी पाळी सुटली की माणूस दोन मोठ्या बाटल्या घ्यायचा आणि कोणाशी बोलायचा नाही. मग त्याचा मुलगा आला, तो एक बाटली दोघांत घ्यायला लागला. मग डबे आले, मग डब्यात लिंबू आलं, मग 'हलकी' आली. आणि आता ती शून्यवाली, जिच्यात फेस आहे, रंग आहे, आणि दारूचा थेंब नाही. "नवरदेव नाही आणि वरात निघाली," असं बाबा तिला म्हणतात.

शून्यवाली ज्याने आणली त्या आमच्या विक्रीप्रमुखाला ऑफिसात सगळे झिरो म्हणतात. तोंडावरसुद्धा. तो पस्तिशीचा आहे, रोज पळायला जातो आणि त्याला राग येत नाही, जे मला फार खटकतं.

बाबा निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचे रिपोर्ट बघून दारू पूर्ण बंद केली. तेव्हापासून ते माझ्याकडे राहतात आणि लोकांवर चिडतात. टीव्हीवर कोणी हिरवा रस पिताना दिसला तरी चिडतात. लोकांना जीभच उरली नाही, लोक घाबरट झाले, लोकांना कष्ट नाहीत म्हणून तहान नाही. रोज रात्रीच्या जेवणाला हे तोंडी लावणं. मी आपली हो हो म्हणते, कारण रेघ खाली गेल्याची बातमी दर सोमवारी मीच घरी आणते.

तर या तिमाहीत ठरलं, टाकी नंबर चार उतरवायची आणि तिच्या जागी शून्यवालीची टाकी बसवायची. शेवटचा निर्णय शुक्रवारच्या बैठकीत. बाबांना हे कसं सांगायचं, याची मी घरी आरशासमोर तालीम करत होते. आणि तेवढ्यात आकडा वर गेला.

सगळीकडे नाही. एकाच डेपोत. वर डोंगरात एक छोटं गाव आहे, तिथे आठवड्याला चार नंबरच्या तीन पेट्या जायच्या. त्या आठ झाल्या, मग एकोणीस, मग चाळीस. मला वाटलं, कोणीतरी शून्य चुकून जास्त दाबलं. फोन केला. डेपोवाला म्हणाला, बरोबर आहे, आणखी पाठवा.

मी कारणं लावून बघितली. ऊन? तिथे महिनाभर पाऊस लागलेला. सुट्ट्या नव्हत्या. लग्नं असती तर बाकीच्या बिअरही खपल्या असत्या. सामना नाही, किंमत तीच, आणि शेजारचं दुकान बंद व्हायला त्या गावात शेजारचं दुकानच नाही. त्यातून बाटल्या धुण्याच्या विभागाची तक्रार आली, त्या डेपोच्या रिकाम्या बाटल्या चिखलाने बरबटून येतात, काहींत तर गवत असतं. माझं डोकं चालेना. झिरो म्हणाला, "म्हणजे लोक बाहेर बसून पितायत. निसर्गात. बघ ना, किती सुंदर आहे!" पावसात चिखलात बसून कोण पितं, असं मी विचारायला हवं होतं. पण मलाही ते सुंदर वाटलं. मी रकान्यात सातवं कारण लिहिलं: ग्राहकाची आवड. वर जाणाऱ्या आकड्यासमोर, बारा वर्षांत पहिल्यांदा.

मग काय, आनंदीआनंद. झिरोला त्यात धंदा दिसला. जुनी चव परत येतेय, टाकी ठेवू या, नवं लेबल करू या, आणि लेबलवर चेहरा कोणाचा? बाबांचा! फक्त शुक्रवारच्या बैठकीत दाखवायला त्या गावातल्या चार गिऱ्हाइकांचे दोन-दोन शब्द हवेत. ते मी बुधवारी जाऊन आणायचे.

बाबांना सगळं सांगितलं, टाकी उतरवायचं ठरलं होतं तेही. ते उठले, गॅलरीत गेले, परत आले. "किती म्हणालीस?"

"चाळीस पेट्या, बाबा. आठवड्याला."

"मी येणार बुधवारी."

मंगळवारी त्यांनी नवा शर्ट आणला. निळा, कडक कॉलरचा. रात्रीच्या जेवणाला लोकांबद्दल एक वाईट शब्द नाही. सहा वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी चिखलाचा विचार डोक्यातून काढूनच टाकला.

बुधवारी सकाळी नऊला आम्ही त्या गावात पोचलो. एक रस्ता, एक दवाखाना, एक बँक आणि दारूचं एक दुकान. दुकानदार पोटावर हात ठेवून उभा होता. मी कंपनीतून आलेय म्हटल्यावर तो सावध झाला.

"चार नंबर इथे छान जाते म्हणे," मी म्हटलं.

"जाते."

"कोण नेतं?"

"बायका नेतात. सकाळी शटर वर करायच्या आधी उभ्या असतात."

मी बाबांकडे बघितलं. बाबा माझ्याकडे.

"सकाळी?" मी विचारलं.

"मग कधी नेणार? अंधार पडायच्या आत ओतून व्हायला हवी ना."

"आधी पुरुष न्यायचे का?"

"कोणीच न्यायचं नाही. एक म्हातारे होते ते न्यायचे, ते वारले. आता या बायकाच. साठीच्या, सत्तरीच्या. एकेक जण पेटी पेटी नेते." त्याने मान हलवली. "हे बघा बाई, मी फक्त विकतो. नेऊन काय करतात ते त्यांचं त्यांना. माझ्यावर काही येऊ देऊ नका."

माझ्या डोळ्यांसमोर एक अख्खं गाव उभं राहिलं, सत्तरीच्या बायका सकाळपासून कडू बिअर ढोसतायत. यांचे दोन शब्द मी बैठकीत कसे दाखवणार होते? बाबांचा चेहरा मात्र उजळला होता. "अगं, म्हाताऱ्या बायकांना जीभ असते," ते माझ्या कानात म्हणाले. "त्यांना कोणी विचारलंच नव्हतं इतकी वर्षं."

तेवढ्यात एक बाई आल्या. साठ-बासष्टच्या, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात ढकलगाडी. दुकानदाराने न विचारता चार नंबरची पेटी काढून गाडीत ठेवली. बाबांनी केसांवरून हात फिरवला आणि पुढे झाले.

"नमस्कार. ही बिअर तुम्हाला कशी वाटते?"

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मला? मी कशाला पिऊ? नर्सरीला नेतेय."

"नर्सरीला?"

"रोपांची नर्सरी आहे माझी. त्या मागच्या गल्लीत."

मी विचारलं, "तिथे मजूर पितात का?"

"मजूर कुठून आणू? मी आणि म्हातारी सासू, एवढंच आमचं मनुष्यबळ." बाईंना हसू यायला लागलं होतं. "चला, दाखवते. नाहीतर तुम्ही दिवसभर इथेच विचारत बसाल."

नर्सरी म्हणजे एक लांब प्लॅस्टिकचं शेड आणि त्याच्या बाजूला उघडे वाफे. वाफ्यांत लेट्यूसची बोटभर रोपं रांगेत लावलेली, आणि कडेच्या काही रोपांची पानं कोणीतरी कात्रीने कातरल्यासारखी. दर चार पावलांवर एक प्लॅस्टिकचा वाडगा मातीत काठापर्यंत पुरलेला. मी वाकून बघितलं. वाडग्यात चार नंबर होती, तो रंग मी कुठेही ओळखला असता. आणि तिच्यात गोगलगायी. शंख नसलेल्या, करंगळीएवढ्या, राखाडी. वीस-पंचवीस असतील. सगळ्या मेलेल्या.

"रात्री येतात," बाई सांगत होत्या, "वास घेत घेत येतात आणि आत पडतात. यंदा पावसाने उच्छाद मांडलाय. म्हणतात ना, गोगलगाय आणि पोटात पाय, तसलीच जात. एका रात्रीत अख्खा वाफा साफ. औषध मारावं तर पाला लोक खाणार. मग शेजारणीने कुठेसं वाचलं, बिअर ठेवा. आता सगळा गाव ठेवतो."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. हसू आलं, आणि हसू आल्याची लाज वाटली. राग आला, पण कोणाचा ते कळेना: झिरोचा, बाईंचा, की सातवं कारण लिहिणाऱ्या माझा. बाबा त्या निळ्या शर्टात वाफ्याच्या कडेला उभे होते आणि त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

ते हळूच खाली बसले. गुडघे कडकड वाजले. वाडग्याजवळ नाक नेऊन त्यांनी वास घेतला.

"दुसऱ्या बिअर लावून बघितल्या?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा, कारखान्यात विचारायचे तसा.

"सगळ्या लावल्या. हलकी लावली तर दोन-तीन पडल्या. लिंबाची लावली तर नुसत्या मुंग्या. ती शून्यवाली लावली, तिच्याकडे तर ढुंकून बघितलं नाही. ही लावली आणि सकाळी वाडगा भरलेला."

"यीस्टमुळे," बाबा म्हणाले. "बाकीच्या गाळतात. हिचं यीस्ट आत आहे, त्याचा वास लांब जातो." आणि मी शपथेवर सांगते, त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. मी पार गोंधळले. मला वाटलं, चला, निदान हे तरी. माझं मन लगेच हिशेब मांडायला लागलं, पिणारा कोण हे पेट्यांवर लिहिलेलं नसतं, खप तो खप, शुक्रवारी मी तोंड मिटून बसले तर टाकी वाचते. लेबलवर बाबांऐवजी एखादं पान टाकता येईल.

"एका वाडग्याला किती ओतता?"

"पाव बाटली. एक दिवसाआड बदलायची."

बाबांनी डोळे मिटले. ती बिअर सहा आठवडे मुरते. मग ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि म्हणाले, "एक बादली द्या. आणि घरात पाव करायचं यीस्ट आहे का?"

"सासूबाई करतात पाव. आहे."

"साखर आणि मूठभर पीठही आणा. पाणी कोमट हवं."

मला अजून कळलं नव्हतं. मला वाटलं, त्यांना चक्कर येतेय, काहीतरी बडबडतायत. बाईंनी सामान आणलं. बाबांनी नव्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, पाण्यात कोपर बुडवून ऊब बघितली, साखर टाकली, पीठ टाकलं, यीस्ट चुरगाळून सोडलं आणि हातानेच ढवळलं. त्या हाताची लय मी लहानपणापासून ओळखते.

"झाकून दोन दिवस ठेवा. घट्ट नको, फडकं टाका. वर बुडबुडे आले की ओता वाडग्यात."

"म्हणजे बिअर नको?"

"त्यांना बिअर नकोच आहे. हा वास हवाय. तो यातही येतो. पेटीभर बाटल्यांचं काम बादलीभर पाणी करेल."

"अहो, मग हे सगळ्यांना सांगायला हवं!"

"बाबा," मी त्यांचा दंड धरला, "एक मिनिट इकडे या."

"सांगा सगळ्यांना," बाबा बाईंना म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

बाईंनी कुंपणावरून शेजारणीला हाक मारली. शेजारणीने पलीकडच्या घराला. आम्ही हात धुऊन निघेपर्यंत कुंपणावर चार डोकी जमा झाली होती आणि बाई त्यांना पिठाचं प्रमाण सांगत होत्या. आणलेली पेटी त्यांनी उघडलीसुद्धा नव्हती, ती त्या तशीच ढकलगाडीत घालून दुकानात परत करायला निघाल्या. चाळीस पेट्यांचा आकडा शून्यावर यायला मी माझ्या नोकरीत महिने लागलेले बघितलेत. हा पंधरा मिनिटांत आला, आणि माझ्यासमोर.

गाडीत बसल्यावर मी दार आपटलं. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत?"

"कळतंय."

"सकाळी ती टाकी राहणार होती. आता शुक्रवारी मी काय सांगू? तिचं शेवटचं गिऱ्हाईक तुम्ही स्वतःच्या हातांनी घालवलंत."

"ते गिऱ्हाईक नव्हतं, बाळा. आणि जे काम बादलीभर पाण्यात होतं, त्यासाठी त्यांना सहा आठवडे मुरवलेल्या बाटल्या घ्यायला लावणं, ही फसवणूक आहे. शुक्रवारी खरं सांग. टाकी उतरवायला सांग."

"सहा वर्षं तुम्ही त्या टाकीसाठी जीव टाकताय!"

बाबांच्या नखांत पीठ अडकलं होतं, ते काढत बसले. मी गाडी सुरू केली नाही. त्यांना काहीतरी बोलायचंय हे मला दिसत होतं, आणि ते काय असेल याचा अंदाज मात्र मुळीच येत नव्हता.

"डॉक्टरांनी बंद केली ना माझी," ते म्हणाले, "तेव्हा मला वाटलं होतं, मी काही जगत नाही. पहिला आठवडा वाईट गेला. दुसरा पण. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की दिवसभर तिची आठवणच झाली नाही."

"बाबा..."

"ऐक. तीस वर्षं केली मी ती. आणि तीन आठवड्यांत विसरलो. चहा बरा वाटायला लागला, झोप बरी लागायला लागली. उद्या डॉक्टर म्हणाले की घ्या, तरी मी घेणार नाही. इच्छाच होत नाही. तुझ्या तक्त्यावर ती रेघ खाली जाते ना, तिच्यात रोजची एक बाटली माझी आहे."

हे मला माहीत नव्हतं. एकाच घरात, एकाच टेबलावर सहा वर्षं जेवून मला हे माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी मी घरात बिअरचं नाव काढत नव्हते, पाहुण्यांना देत नव्हते, जाहिरात लागली की चॅनेल बदलत होते, त्यांना त्रास होईल म्हणून.

"मग इतकी वर्षं लोकांवर का चिडत होतात?"

बाबा काचेतून त्या कुंपणाकडे बघत राहिले. चार बायका अजून बोलत होत्या.

"मग कोणावर चिडायचं होतं मी?" ते म्हणाले.